अर्धं ओढलेलं हँडल

"तुमच्याजवळ स्क्रूड्रायव्हर, पक्कड, किल्ली, असलं काही नाही ना?" बागवान मॅडमनी विचारलं.

मी ॲप्रनचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून रुमाल निघाला, दुसऱ्यातून खोकल्याची गोळी. त्यांच्या कारकुनाने दोन्हींची नोंद केली.

"मग बसा आत."

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेबारा. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या पटांगणात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक पिवळी व्हॅन उभी होती आणि तिच्याभोवती फक्कीने चौकोन आखला होता. चौकोनाच्या एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला खटल्यातल्या समोरच्या कंपनीची. रेषा ओलांडायची परवानगी कोणालाच नव्हती. ॲडव्होकेट शमा बागवान या कोर्टाने नेमलेल्या कमिशनर. त्या तेवढ्या छत्री घेऊन हव्या तिथे फिरू शकत होत्या.

मी पायरीवर पाय ठेवला आणि आधी दारं मोजली. व्हॅनच्या मागच्या भागाला एकच दार होतं, डाव्या हाताला. पोरं रस्त्याच्या बाजूला उतरू नयेत म्हणून उजवीकडचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. खिडक्यांना आडवे गज. ड्रायव्हर आणि मागच्या सीटांच्या मध्ये जाळी. मागच्या काचेपुढे गॅसची टाकी. हे सगळं मुलांच्या सुरक्षिततेसाठी होतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी वैजयंती शेडगे, तेव्हा भोसरीच्या शलाका इंजिनिअरिंगमध्ये चाचणी विभागात होते. चाचणी विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक यंत्र. मुळात मी भित्री. लिफ्टमध्ये चढत नाही, पाहुण्यांकडे गेले तर बाथरूमची कडी अर्धीच लावते. अशा बाईने गाड्यांच्या दारांची लॉकं करणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं काढावीत, याची घरी पुष्कळ थट्टा व्हायची.

आता लॉक कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर मी त्या दिवशी एवढी कशाला घाबरले होते ते कळायचं नाही. गाडीच्या दारात एक पंजा असतो. दार लावलं की तो चौकटीवरच्या खुंटीला मिठी मारतो. पंजा सुटू नये म्हणून त्याच्या पाठीला एक अडणी लागते. हँडल ओढलं की एक दुवा हलतो, तो अडणी उचलतो आणि पंजा सुटतो. दार लॉक करायचं म्हणजे एवढंच करायचं की तो मधला दुवा बाजूला सरकवून ठेवायचा. मग हँडल कितीही ओढा, ते नुसतं हवेत हलतं.

आमचे मालक पाटसकर साहेब स्वतः टूलरूममधून वर आलेले. त्यांनी या लॉकमध्ये करंगळीएवढी एक पोलादी पट्टी बसवली. कारखान्यात आम्ही तिला चिमणी म्हणायचो. दार लॉक असताना आतलं हँडल एकदा ओढलं की चिमणी दुव्याला जागेवर आणायची. दुसऱ्यांदा ओढलं की दार उघडायचं. एकदा ओढून उघडत नाही, म्हणून चालत्या गाडीतून पोर पडत नाही. दोनदा ओढलं की उघडतं, म्हणून अपघातात पोर आत अडकत नाही. शाळेच्या गाड्या बांधणाऱ्यांनी आमचं लॉक डोक्यावर घेतलं. साहेबांनी पेटंट घेतलं आणि त्यात लिहिलं, 'कोणत्याही परिस्थितीत दार आतून उघडते.'

दोन वर्षांत मेरिडियन नावाच्या बड्या कंपनीने तसंच लॉक बाजारात आणलं. आम्ही कोर्टात गेलो. त्यांचं म्हणणं, आमची पट्टी वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, तर तिच्या नाकावर दोन मिलिमीटरचं टेंगूळ होतं. ते कशासाठी, हे त्यांच्या कागदांत कुठेच नव्हतं. 'तो आमच्या रचनेचा भाग आहे,' एवढंच. त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. 'या उंचवट्याचा यांत्रिकदृष्ट्या काहीही उपयोग नसून तो केवळ दिशाभूल करण्यासाठी ठेवला आहे,' असं प्रतिज्ञापत्र मी सही करून दिलं. मला त्याचा उपयोग दिसला नव्हता हे खरंच होतं.

टेंगळाने खरंच काही फरक पडतो का ते बघायला कोर्टाने सांगितलं, दोन्ही लॉकं एकाच गाडीच्या एकाच दारावर आळीपाळीने बसवा आणि कमिशनरसमोर दहा-दहा वेळा चालवून दाखवा. प्रतिज्ञापत्र माझं, म्हणून आत बसायचं मी.

त्याच्या तीन आठवडे आधी, एका सकाळी किसन लांडगे नावाचा व्हॅनवाला कारखान्याच्या फाटकावर आला होता. साहेब बाहेर होते, म्हणून वॉचमनने त्याला माझ्याकडे पाठवलं.

"मॅडम, तुमचं लॉक माझ्या गाडीला हाय," तो म्हणाला. "लई मजबूत हाय, त्याबद्दल तक्रार न्हाई. पन परवा सात पोरं आत ऱ्हायली."

"आत राहिली म्हणजे?"

"म्या खाली उतरलो व्हतो, एक पोरगं आणाया. बाकीची रस्त्यावर पळू नयेत म्हनून बटन दाबलं. तेवढ्यात एका पोरीनं हँडलला हात घातलेला. झालं. बाहेरनं उघडंना, चावीनं उघडंना, आतनं उघडंना. पोरं रडाया लागली. शेवटाला मागची काच फोडली आन् टाकीवरनं एकेक काढलं. येक बारकं निपचित पडलं व्हतं. पानी मारल्यावर उठलं."

तो भरपाई मागायला आला असेल असं मला वाटलं. मी चाचरत तसं काहीतरी बोलले.

"ते ऱ्हाऊ द्या. फकस्त एक सांगा. उद्याच्याला परत तसंच झालं तर म्या काय करायचं?"

आम्ही तपासून सांगेपर्यंत दार लॉक करत जाऊ नका, असं मी म्हणाले. "मग चालत्या गाडीतनं पोर पडलं तर?" त्याने विचारलं.

तो गेल्यावर मी यंत्राकडे वळले. त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. हवेच्या दाबावर चालणारा लोखंडी हात होता तो. हँडल ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा, पन्नास हजार वेळा, आणि दर वेळी शेवटपर्यंत. अर्धवट ओढणं पैलवानाला येतच नव्हतं, आणि नऊ वर्षं आम्ही प्रत्येक लॉकची परीक्षा त्याच्याकडूनच घेत होतो. लहान मुलं अर्धवटच ओढतात. त्यांचं बळच तेवढं.

मी पैलवानाला बाजूला सारलं, हँडल हाताने अर्ध्यावर धरून ठेवलं आणि लॉकचं बटण दाबलं. तिसऱ्याच खेपेला चिमणीचं नाक दुव्याच्या खाली घुसून बसलं. मग ओढावं तितकं ते आणखी रुतत गेलं. दाराचं पॅनल उचकटून लॉक सोडवायला मला पाऊण तास लागला. सगळं रजिस्टरमध्ये लिहून मी साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. मग स्वतः खाली येऊन स्वतःच्या हाताने अर्धं ओढून पाहिलं. चौथ्या वेळी अडकलं. ते तिथेच स्टुलावर बसले.

"साहेब, गाड्या परत बोलवू या," मी म्हणाले.

"बोलवू. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी."

"आणि तोवर?"

"तोवर काय? आजवर एक गाडी अडकली, शेडगे."

"एक आपल्याकडे आली, साहेब."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "आज बोलावल्या तर त्यांचा वकील काय म्हणेल? हे ज्याचं पेटंट मिरवतात ते चालतच नाही. पेटंट जाईल. मग मेरिडियन आपल्याला एका वर्षात खाऊन टाकेल. चौसष्ट माणसं आहेत इथे. तू आहेस. हे रजिस्टर मी घरी नेतो."

ते वाईट माणूस नव्हते. पण त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज सकाळी पेपर उघडताना आधी आतली पानं बघायचे. शाळेच्या गाडीची बातमी दिसली की उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचायचे. ती साध्या टकरीची निघाली की, देव क्षमा करो, हायसं वाटायचं.

पटांगणावर निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. "पूर्ण ओढायचं. सोडायचं. पुन्हा पूर्ण. दहा वेळा. पैलवानासारखं. दुसरा कुठलाही विचार करायचा नाही."

पहिली पाळी आमच्या लॉकची. तर मी आत बसले आणि दार लागलं. ड्रायव्हरच्या सीटवर मेरिडियनचे इंजिनिअर होते, दातीर नावाचे, पस्तिशीचे, किडकिडीत. आमच्या लॉकचं बटण त्यांच्या माणसाने दाबायचं आणि त्यांच्या लॉकचं आमच्या, असा नियम होता, म्हणजे हातचलाखीला वाव नको. जाळीतून मला त्यांचा अर्धा चेहरा आणि बटणावरचं बोट दिसत होतं.

"लॉक करा," बागवान मॅडम म्हणाल्या.

खट्.

"ओढा."

मी पूर्ण ओढलं, सोडलं, पुन्हा पूर्ण ओढलं. दार उघडलं. बाहेरची झळसुद्धा त्या क्षणी गार वाटली. कारकुनाने लिहिलं. रेषेपलीकडे साहेबांनी कोणाला दिसणार नाही असं, मोजायला एक बोट दुमडलं.

दुसरी खेप, तिसरी, चौथी. दर वेळी दार लागलं की माझा श्वास छातीतच अडकायचा आणि उघडलं की सुटायचा. काचा बंद, पत्रा तापलेला, रेक्झिनचा वास डोक्यात चढत होता. सातव्या खेपेपर्यंत ॲप्रन पाठीला चिकटला. नववी झाली तेव्हा आमचे वकील घाटपांडे गालात हसत होते. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

दहाव्या खेपेला दार लागलं.

मी काही शूर वगैरे झाले नाही. मी विचार केला तो एवढाच, की हे एक उघडलं की आपण जिंकलो, आणि जिंकलो की साहेब गाड्या परत बोलावतील. मग मनात आलं, बोलावतील? दहापैकी दहा वेळा उघडलं असा कोर्टाचा शिक्का बसलेलं लॉक कोण परत बोलावतं? उद्या कोणी व्हॅनवाला फाटकावर आला तर त्याला हाच कागद दाखवतील. त्यावर साक्षीदार म्हणून नाव माझं असेल.

हे तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती. मालक समोर, वकील समोर, आणि घाबरले की माझा आवाजच बसतो. हात मात्र चालत होता. मी हँडलला हात घातला आणि ते अर्ध्यावर ओढून धरलं.

"लॉक करा," मॅडम म्हणाल्या.

आवाज आला नाही. मी जाळीतून पाहिलं. दातीरांचं बोट बटणावर होतं आणि नजर माझ्या हातावर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे ओरडणार, हरकत घेणार, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं असंही क्षणभर वाटलं.

"दातीर, लॉक करा."

त्यांनी बटण दाबलं. या वेळचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, जरा मऊ होता. तो मी ओळखला.

"ओढा."

मी पूर्ण ओढलं. दोनदा. तीनदा. चारदा. दार लागलेलंच होतं.

इथपर्यंत मी ठरवलेलं होतं. पुढे काय, हे मी ठरवलंच नव्हतं. कारखान्यात हेच लॉक सोडवायला पाऊण तास लागला होता, तोही हाताशी सगळी हत्यारं असताना. इथे माझ्याजवळ एक रुमाल होता. खोकल्याची गोळी कारकुनाकडे जमा होती.

"मॅडम, दार उघडलेलं नाही," मेरिडियनचे वकील सप्तर्षी म्हणाले. "याची वेळेसह नोंद व्हावी."

"हरकत आहे," घाटपांडे म्हणाले. "साक्षीदाराने घाईत ओढलं. आणखी एक संधी मिळावी."

"संधी कसली? दहा म्हणजे दहा."

"शेडगे," बागवान मॅडमनी काचेजवळ येऊन विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

आणि मी सवयीने मान डोलावली. कोणीही काही विचारलं की ठीक आहे म्हणायचं, ही माझी जन्माची खोड. मॅडम परत वळल्या आणि वाद पुढे सुरू झाला. बाहेरून चावी लावून बघावी असं आमचे वकील म्हणाले. लॉकवर लाखेचं सील आहे, गाडी कोर्टाच्या ताब्यात आहे, बाहेरून कोणी बोट लावलं तरी पुरावा बिघडेल, असं त्यांचे वकील म्हणाले. दोघेही चौकोनाच्या बाहेर उभे राहून बोलत होते. फक्कीच्या रेषेवर कोणाचा बूट पडत नव्हता.

मी पुन्हा ओढलं. ओढल्याने ते आणखी रुततं हे जगात सगळ्यात आधी मला कळलं होतं, असा माझा समज होता, आणि तरी मी ओढतच होते. हात थांबत नव्हता. छत डोक्यावर उतरत आल्यासारखं वाटायला लागलं. ती सात पोरं नेमकी कुठे बसली असतील, कोण दाराजवळ, कोण टाकीपाशी, असलं काहीतरी डोक्यात फिरायला लागलं. मग डोळ्यांपुढे काळे ठिपके आले आणि मी काचेवर बुक्क्या मारायला सुरुवात केली. ओरडतही होते म्हणे. मला माझा आवाज ऐकू आला नाही.

पहिल्यांदा रेषा ओलांडली ती साहेबांनी. ते खिडकीशी आले, गजांना धरलं.

"अर्धं ओढलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मग मागे वळून म्हणाले, "मागची काच फोडा."

"साहेब, एक मिनिट, आधी नोंद होऊ द्या," घाटपांडे म्हणाले.

"खड्ड्यात गेली नोंद." साहेब इकडे तिकडे पाहत पटांगणाच्या कडेला विटांच्या ढिगाकडे पळाले. साठीचा माणूस, चपला घालून, पळताना अडखळत होता.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज झाला. दातीरांनी बटण उलटं दाबून लॉक काढलं, ते खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. त्यांचा शर्ट माझ्या ॲप्रनहून ओला होता.

"दातीर, तुम्ही काहीही करायचं नाही," सप्तर्षी म्हणाले. "हात लावू नका."

दातीरांनी ऐकलं नाही. ते काचेला तोंड लावून म्हणाले, "ताई, हँडल सोडा."

मी मान हलवली. माझी बोटंच उघडत नव्हती.

"ताई, माझ्याकडे बघा. तुम्ही ओढताय म्हणून ते अडकलंय. पूर्ण सोडा. दोन्ही हात मांडीवर ठेवा. मी उघडतो."

सुटायचं असेल तर ज्याला धरलंय ते सोडायचं, हे डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं. शेवटी मी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

दातीरांनी गुडघा दाराला लावून दार आत दाबलं. मग किल्लीच्या भोकाखाली दोन बोटं जागा मोजली आणि तिथे मुठीने एकच ठोसा दिला. आत चिमणी पडल्याचा बारीक आवाज झाला. त्यांनी बाहेरचं हँडल ओढलं आणि दार उघडलं.

मी बाहेर पडले ती थेट जमिनीवरच बसले. साहेब वीट हातात घेऊन दहा पावलांवर उभे होते. तिथे बसल्या बसल्याच ते टेंगूळ डोळ्यांपुढे आलं. चिमणीच्या नाकावर दोन मिलिमीटर उंचवटा असेल तर नाक दुव्याखाली शिरणारच नाही. अर्धं ओढा, पाव ओढा, कसंही ओढा. ज्याचा काही उपयोग नाही असं मी शपथेवर सांगितलं होतं, त्याचा उपयोग नेमका हा होता. आणि ते कशासाठी आहे हे मेरिडियनवाले का लिहीत नव्हते, तेही कळलं. लिहिलं असतं तर कोणत्या लॉकमधला दोष काढायला ते बसवलं, हेही सांगावं लागलं असतं.

बागवान मॅडमनी छत्री मिटली.

"दातीर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही," सप्तर्षी म्हणाले.

दातीर आपल्या मुठीकडे पाहत होते. "कोणी शिकवलं नाही, मॅडम."

"मग शलाकाचं हे लॉक अशा तऱ्हेने तुम्ही याआधी कधी उघडलं होतं?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. चाळीसेक वेळा तरी."

"कुठे?"

"आमच्या लॅबमध्ये," दातीर म्हणाले. "तो उंचवटा बसवायच्या आधी."

सप्तर्षींनी फाईल बंद केली. इकडे घाटपांडेंनी आधीच केली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन्ही कंपन्यांनी महिन्याभरात तडजोड केली. तडजोड कसली, दोघांनाही तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. जुन्या गाड्यांतल्या सगळ्या पट्ट्या बदलून टेंगूळ असलेल्या बसवायच्या, असा कोर्टाचा हुकूम झाला आणि तोवर दार अडकलं तर काय करायचं याचं पत्रक प्रत्येक व्हॅनवाल्याला मिळालं. दातीरांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. साहेबांनी मला काढलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. दिवाळीपर्यंत मी ते सोसलं आणि मग स्वतःच सोडलं. कारखाना तगला, असं नंतर कळलं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. तो प्रकार झाल्यावर बागवान मॅडमनी अर्ध्या तासाने दोघांचेही जबाब घ्यायचे ठरवले. मी तोंड धुवायला कॉलेजच्या नळावर गेले. दातीर तिथे आधीच उभे होते. त्यांनी नळ चालू ठेवून मला पुढे होऊ दिलं.

"माझा हात तुम्ही पाहिला होता," मी म्हणाले.

"हो."

"मग बटण का दाबलंत?"

"दाबलं नसतं तर का दाबलं नाही, ते सांगावं लागलं असतं."

"आणि नंतर एवढा वेळ?"

"घाबरलो होतो, ताई." त्यांनी सुजलेली मूठ पाण्याखाली धरली. "सात महिने घाबरलेलोच आहे. पण मला वाटायचं, निदान रस्त्यावर आता काही नाही. तुम्ही तुमचा जुना माल केव्हाच परत बोलावलाय, असं आमच्या साहेबांनी सांगितलं होतं."

"आम्ही एकही गाडी बोलावली नाही."

त्यांनी मान वर केली. "एकही नाही?"

"नाही."

"किती आहेत?"

"साडेचार हजार."

"एका गाडीत मुलं किती?"

"कागदावर सात," मी म्हणाले. "भरतात बारा-चौदा."

आम्ही दोघेही आकडेमोड करणारी माणसं. दोघांच्याही मनात गुणाकार झाला, ते एकमेकांच्या तोंडावर दिसलं. आकडा कोणीच बोलून दाखवला नाही. दातीरांनी नळ बंद केला, आणि आम्ही जबाब द्यायला आत गेलो.